स्ट्रट बार लावावा की नाही?

(नागपूर येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरे दिली आहेत.)



मागच्या व्याख्यानात टायरवर बोलणं झालं होतं. सभा संपल्यावर एक तरुण मित्र मोबाइल घेऊन पुढे आला. फोटोत बॉनेट उघडं होतं, आणि इंजिनच्या वरून या बाजूपासून त्या बाजूपर्यंत एक लालभडक दांडा गेलेला. म्हणाला, "सर, हा टाकला. सहा हजार लागले. गाडी एकदम रस्त्याले चिकटून चालते आता. चांगलं केलं ना जी?" आम्ही त्या वेळी "छान दिसतंय" म्हणून वेळ मारून नेली. 'हो' म्हटलं असतं तर खोटं ठरलं असतं, आणि नुसतं 'नाही' म्हटलं असतं तर अर्धवट. ते उत्तर आमच्याकडे उधार राहिलं. आज ती उधारी फेडतो.

विषय आहे स्ट्रट बार. कोणी स्ट्रट ब्रेस म्हणतं, कोणी टॉवर बार. नागपुरात नुसतं 'बार' म्हटलं तर मंडळी भलतीकडे बघतील, म्हणून सुरुवातीला पूर्ण नाव घेतो. (हशा)

प्रश्न साधा आहे. ज्याची एकच गाडी आहे, ती पाच-सात वर्षं जुनी आहे, आणि वर्षाकाठी गाडीवर खर्चायला दहा-बारा हजारांपेक्षा जास्त नाहीत, त्याने त्यातले निम्मे या दांड्यावर घालावेत का? ज्याच्याकडे पैसा भरपूर आहे त्याने काहीही लावावं. आमचा आजचा श्रोता तो नाही.

आधी वस्तू समजून घेऊ. छोट्या गाडीचं बॉनेट उघडलं की मागच्या अंगाला, काचेच्या जवळ, डाव्या-उजव्या बाजूला पत्र्याचे दोन गोल उंचवटे दिसतात. ते स्ट्रट टॉवर. त्यांच्या आत स्ट्रट असतो, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर आणि त्याच्याभोवतीची स्प्रिंग. आपल्या गॅरेजच्या भाषेत शॉकअप. हा स्ट्रट खाली चाकाला आणि वर त्या उंचवट्याला धरलेला असतो. दोन्ही उंचवट्यांना वरून जोडणारा दांडा म्हणजे स्ट्रट बार.

इथे बसलेल्या ज्येष्ठांनी ॲम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी चालवल्या असतील. त्या गाड्यांना हा दांडा लावायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही, कारण पुढच्या चाकांची रचनाच वेगळी होती. ॲम्बेसेडरला पुढे टॉर्शन बार होते. पद्मिनीला वर-खाली आर्म आणि मधे स्प्रिंग. चाकाला वरून एक हात आणि खालून एक हात असे दोन हात धरायचे. वर पत्र्याच्या टॉवरवर आजच्यासारखी जबाबदारी नव्हती.

अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने यातला वरचा हात काढून टाकला. जनरल मोटर्समध्ये असताना शेव्हरोले कॅडेट या छोट्या गाडीसाठी त्यांनी ही मांडणी केली. ती गाडी बाजारात आलीच नाही. मॅकफर्सन फोर्डमध्ये गेले, आणि १९५० च्या सुमारास इंग्लंडच्या फोर्ड कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांत ही रचना लोकांच्या हाती आली. आपल्याकडे १९८३ साली मारुती ८०० आली, तिला पुढे हीच रचना होती. आजच्या बहुतेक हॅचबॅक आणि छोट्या सेडान याच घराण्यातल्या. फायदे उघड आहेत: भाग कमी, खर्च कमी, इंजिन आडवं बसवायला जागा मोकळी.

पण वरचा हात काढला म्हणून त्याचं काम संपत नाही. ते काम शॉकअपने करायचं आणि त्याचा आडवा भार टॉवरने सोसायचा. म्हणजे गाडी वळते तेव्हा टॉवरला बाजूने रेटा बसतो. बार विकणाऱ्याचं म्हणणं इथून सुरू होतं: टॉवर वाकतो, टॉवर वाकला की चाकाचा कोन बिघडतो, कोन बिघडला की पकड जाते, म्हणून टॉवर बांधा. यातली एकही पायरी खोटी नाही. आमची तक्रार प्रत्येक पायरी केवढी आहे हे न सांगण्याबद्दल आहे. दुकानात 'किती' हा शब्दच ऐकू येत नाही. तर आपण तो विचारू.

एक छोटी गाडी घ्या. दोन माणसांसकट वजन हजार किलो. वळणावर ती बाहेर फेकली जाते तो जोर तिच्या वजनाच्या चार दशांश धरू. हे चांगलंच जोरकस वळण झालं. शेजारी बसलेल्या काकू हँडल पकडून "हळू चालव रे" म्हणतील एवढं. म्हणजे आडवा जोर झाला चारशे किलोचा. पुढे इंजिन असल्यामुळे पुढच्या दोन चाकांवर त्यातले साधारण दोनशे चाळीस. वळताना भार बाहेरच्या चाकावर जातो, म्हणून बाहेरच्या चाकाला एकशे ऐंशी आणि आतल्या चाकाला साठ धरू. हा जोर जमिनीपाशी लागतो. त्यातला मोठा वाटा खालचा आर्म घेतो. चाक, आर्मचं टोक आणि टॉवर यांच्या उंचीचं गणित मांडलं तर वर टॉवरपर्यंत साधारण एक तृतीयांश पोचतो. म्हणजे बाहेरच्या टॉवरवर साठ किलो आणि आतल्या टॉवरवर वीस. आकडे ढोबळ आहेत, तुमच्या गाडीचे थोडे वेगळे निघतील, पण हिशेबाचा आवाका हाच राहील.

आता यातली गंमत बघा. हे साठ आणि वीस किलो दोन्ही एकाच दिशेला रेटतात. गाडी डावीकडे वळत असेल तर दोन्ही टॉवर उजवीकडे झुकायला बघतात. आणि बार काय करतो? दोघांमधलं अंतर कायम ठेवतो. दोघं मिळून एकाच बाजूला झुकत असतील तर अंतर बदलत नाही, आणि बार त्यांना अडवत नाही.

घरची बाज आठवा. जुनी झाली की चारही पाय एका बाजूला कलंडतात. सुताराकडे नेली तर तो दोन पायांमधे आणखी एक आडवी काठी ठोकत बसत नाही. तो तिरकी पट्टी मारतो. शेतातल्या फाटकालाही तिरकी पट्टी असते ती याचसाठी. चौकोन कलंडतो, त्रिकोण कलंडत नाही. टॉवरपासून टॉवरपर्यंत गेलेला सरळ दांडा ही आडवी काठी आहे. म्हणून काही महागड्या बारना तिसरा पाय असतो, तो मागे काचेखालच्या भिंतीला जोडलेला असतो. त्याने त्रिकोण होतो. रॅलीच्या गाडीत आतून नळ्यांचा पिंजरा वेल्ड करतात, त्यातही जागोजागी तिरक्या नळ्या दिसतील.

मग सरळ बार काहीच करत नाही का? करतो. तो भार वाटून देतो. साठ आणि वीस यांची बेरीज ऐंशी. बार अगदी ताठ असेल तर दोन्ही टॉवर चाळीस-चाळीस घेतील. म्हणजे बाहेरच्या टॉवरचा भार साठवरून चाळीसवर आला, एक तृतीयांशाने कमी झाला. ऐकायला मोठं वाटतं. आता याचं चाकाच्या कोनात रूपांतर करू. बारच्या बाजूने उदार होऊन धरू की साठ किलोला टॉवर एक मिलिमीटर हलतो. बार लावल्यावर तो साधारण पाऊण मिलिमीटरच्याही आत येईल. वाचला तिसरा हिस्सा मिलिमीटर. टॉवर आणि खालचा सांधा यांत साधारण साडेपाचशे मिलिमीटर अंतर असतं. त्या हिशेबाने चाकाच्या कोनात फरक पडतो एका अंशाच्या तिसाव्या भागाएवढा.

हे कशाच्या तुलनेत? त्याच वळणावर गाडीची बॉडी तीन-एक अंश कलते, आणि या रचनेत त्यातला बराचसा कल चाकापर्यंत पोचतो. व्हील अलाइनमेंटच्या मशीनवर कॅम्बरला कंपनी जी सूट देते ती बहुतेक गाड्यांत अर्धा अंश किंवा त्याहून जास्त असते. टायरमधली हवा चार-पाच पॉइंट कमी असली तरी टायरची भिंत वळणावर याहून जास्त दबते. जिथे अंशांचा हिशेब चालला आहे तिथे आपण अंशाचा तिसावा भाग वाचवला आणि सहा हजार मोजले.

इथे एक गैरसमज आधी दूर करू, कारण तो फार पसरलेला आहे. बारने बॉडीचं कलणं कमी होतं असं बरेच जण समजतात. त्या कामाचा दांडा वेगळा असतो. तो खाली असतो, स्टॅबिलायझर बार किंवा अँटिरोल बार, आणि तो कंपनीने बहुतेक गाड्यांना दिलेलाच असतो. वरच्या बारचा बॉडीच्या कलण्याशी संबंध नाही. नावात 'बार' सारखा असल्यामुळे एकाचं पुण्य दुसऱ्याच्या खात्यात जमा होतं.

आणखी एक मुद्दा. शॉकअपचं वरचं टोक थेट पत्र्याला नसतं. मधे रबराचा माउंट असतो. खालच्या आर्मला रबराचे बुश असतात. हे रबर मुद्दाम दिलेलं आहे, नाहीतर सिमेंटच्या रस्त्याचा प्रत्येक सांधा आपल्या दातांत वाजेल. म्हणजे साखळी अशी आहे: टायर, मग बुश, मग रबराचा माउंट, मग पत्र्याचा टॉवर, आणि त्यावर बार. साखळीतल्या सगळ्यांत ताठ कडीला आपण आणखी ताठ करतो आहोत, आणि लवचीक कड्या आहेत तशाच. त्यातून बुश फाटलेले असतील तर बोलायलाच नको.

बारची बनावटही बघा. इंजिनच्या वरच्या भागांना चुकवायला कित्येक बारना मधे बाक दिलेला असतो. कित्येक बार तीन तुकड्यांत असतात, टोकाला एकेका बोल्टवर फिरणारे. सरळ नळी दाबाला ताठ असते, वाकवलेली नळी दाबली की आणखी वाकते. पॉलिश केलेलं चकचकीत ॲल्युमिनियम हातात घेतलं की भारी वाटतं, पण त्याचा ताठपणा हाताला कळत नाही.

इथपर्यंत ऐकून कोणाला वाटेल की आम्ही बारचे शत्रू आहोत. तसं नाही. बाजू दुसरीही आहे आणि ती नीट मांडली पाहिजे.

पहिलं म्हणजे, जोरात ब्रेक मारला किंवा दोन्ही चाकं एकदम खड्ड्यातून आदळली की टॉवर वर आणि आत, एकमेकांकडे, ढकलले जातात. तिथे बार खरोखर आडवा येतो आणि आपलं काम करतो. दुसरं, टॉवर काचेच्या भिंतीपासून लांब, पुढे असतील तर त्यांना मागचा आधार कमी मिळतो. लांब बॉनेटच्या गाड्यांत असं होतं. १९६५ च्या शेल्बी जीटी ३५० या मस्टँगमध्ये टॉवरना आधार देणारे दांडे बसवून येत असत, आणि ते उगाच नव्हते. त्या गाडीच्या स्प्रिंगचा भार टॉवरवर होता आणि पत्रा आजच्या मानाने लवचीक होता. निस्सान ३७० झेड सारख्या गाडीला तर कंपनीनेच पुढे तीन टोकांचा दांडा दिला होता. तिसरं, रेसचे चिकट टायर आणि कडक स्प्रिंग लावल्या की आम्ही धरलेले साठ किलो दीडशेच्या वर जातात, आणि अंशाचा तिसावा भागही लॅपच्या वेळेत दिसू लागतो.

आपल्या छोट्या गाड्यांत मात्र इंजिन आडवं, बॉनेट आखूड, आणि टॉवर काचेखालच्या भिंतीला जवळजवळ टेकलेले. ती भिंत, तिच्यावरची आडवी पेटी आणि वरची काच मिळून कंपनीने दिलेला बारच म्हणा ना.

आता आमची स्वतःची फजिती सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हे सगळं कागदावरचं आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी आम्हीही बार लावला होता. हॅचबॅक होती, सत्तर हजार किलोमीटर झालेली. गॅरेजमधून निघालो आणि पहिल्याच वळणावर वाटलं, गाडी बदलली! स्टेअरिंग नेमकं झालं, आवाज गेला. पुढची दोन वर्षं भेटेल त्याला बार लावायला सांगत होतो. एका मित्राने एक दिवस जुनं बिल बघायला मागितलं. त्यात बारच्या खाली आणखी तीन ओळी होत्या: लोअर आर्मचे बुश बदलले, लिंक रॉड बदलले, अलाइनमेंट केली. त्याच दिवशी, त्याच बिलात. आमच्या डोळ्यांना बॉनेटखालचा लाल दांडा दिसत होता, गाडीखालचे काळे बुश दिसत नव्हते. श्रेय दिसणाऱ्याला मिळालं.

मित्र तेवढ्यावर थांबला नाही. म्हणाला, "बॉनेट उघडायचं नाही. बार मी कधी काढीन, कधी ठेवीन. तू चालव आणि सांग." सेमिनरी हिल्सच्या वळणांवर सहा फेऱ्या मारल्या, ठरलेला वेग, तीच हवा. सहांपैकी तीन उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी तेवढीच आली असती. सहा फेऱ्यांनी शास्त्र सिद्ध होत नाही, हे आम्हाला मान्य आहे. पण दोन वर्षं ज्या फरकाच्या शपथा घेतल्या तो फरक न बघता ओळखता आला नाही, एवढं तर कळलं. त्या दिवसापासून कोणी "फरक जाणवतो" म्हटलं की आम्ही विचारतो, त्या दिवशी आणखी काय काय बदललं होतं?

मग आपला रस्ता. गाडी नागपुरात चालते, पुस्तकात नाही. शहर सपाट आहे. आपली वळणं म्हणजे चौक. वीस किलोमीटरच्या वेगाने दहा मीटर त्रिज्येचं वळण घेतलं तर आडवा जोर वजनाच्या तीन दशांशांच्या आसपास येतो. आता समृद्धी महामार्गावर जा. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि कारला वेगमर्यादा १२० ठरली. समजा हजार मीटर त्रिज्येचं वळण आहे. १२० च्या वेगाने तिथे आडवा जोर येतो वजनाच्या एक दशांशाच्या थोडा वर. म्हणजे महामार्गाच्या त्या वळणापेक्षा आपल्या चौकात टॉवरला जास्त रेटा बसतो! "समृद्धीवर गाडी स्थिर राहावी म्हणून बार लावला" असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

समृद्धीवर आणि आपल्या इतर मोठ्या रस्त्यांवर धोका आहे तो वेगळाच. मे महिन्यात नागपुरात पारा पंचेचाळीसला जातो. सिमेंट तापलेलं, टायर सहा वर्षांचा, हवा कमी, गाडीत पाच माणसं आणि सामान, आणि वेग सलग दोन तास तसाच. कमी हवेच्या टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, आतून तापते, आणि एका क्षणी सुटते. किंवा अमरावती रोडला संध्याकाळी एखादा रोही आडवा येतो. ब्रेक मारून स्टेअरिंग फिरवायला सेकंदही नसतो. त्या वेळी गाडीला धरून ठेवतात चार टायरचे तळहाताएवढे तुकडे, आणि ते तुकडे रस्त्यावर दाबून ठेवणारे शॉकअप. शॉकअप गेलेला असेल तर चाक उडतं, आणि उडालेल्या चाकाला पकड कुठली? तिथे बार ताठ उभा असतो, पण त्याच्या हातात काही नसतं.

आमची खरी काळजी इथे आहे. बारमुळे गाडी बिघडत नाही. पण "आता गाडी चिकटून चालते" अशी खात्री पटलेला मुलगा त्याच टायरवर वीसने जास्त वेग घेतो. गाडीची पकड होती तेवढीच राहिली, त्याची भीती मात्र कमी झाली. आणि बुशसाठी ठेवलेले पैसे संपले.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. आजकालच्या गाड्यांत बॉनेट आणि इंजिन यांच्यामध्ये मुद्दाम मोकळी जागा ठेवतात. पायी चालणारा माणूस धडकला आणि त्याचं डोकं बॉनेटवर आपटलं तर पत्रा खाली दबावा, त्याला थोडी गादी मिळावी म्हणून. त्या जागेत लोखंडी दांडा आणला तर ती गादी तेवढी कमी होते. सीताबर्डीच्या गर्दीतून गाडी काढणाऱ्याने याचा विचार करायला हवा. गाडी आपली असली तरी बॉनेटवर पडणारं डोकं दुसऱ्याचं असतं.

मग पैसे कुठे घालावेत? क्रम सांगतो.

पहिले टायर. टायरच्या भिंतीवर चार आकडी तारीख असते. २३२१ लिहिलं असेल तर २०२१ सालचा तेविसावा आठवडा. वय बघा, भेगा बघा, हवा थंड टायरवर मोजा. स्टेपनीचीही. दुसरे शॉकअप. तेल गळतंय का, आणि वरचा रबराचा माउंट फाटलाय का. स्टेअरिंग फिरवताना वरून कटकट आवाज येत असेल तर माउंट किंवा त्याचं बेअरिंग दाखवून घ्या. तिसरे खालचे बुश, बॉल जॉइंट आणि लिंक रॉड. ब्रेकरवरून जाताना खडखड येते ती बहुधा यांचीच. चौथी अलाइनमेंट, आणि ती शेवटी. सैल बुशवर केलेली अलाइनमेंट म्हणजे डगमगत्या टेबलावर ठेवलेला तराजू. आणि अलाइनमेंटवाल्याकडून आधीचा आणि नंतरचा, दोन्ही कागद मागून घ्या.

हे चारही झालं, गाडी तरुण आहे, तुम्हाला ट्रॅकवर जायची हौस आहे, आणि पैसे उरले आहेत, तर बार लावा. सरळ नळीचा, कमी सांध्यांचा, शक्य असेल तर मागच्या भिंतीलाही धरणारा घ्या. त्या क्रमात त्याची जागा पाचवी. पाचवी जागा असणं काही वाईट नाही. पाचव्याला पहिल्या जागी बसवलं की घोटाळा होतो.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न: आमच्याकडे बोलेरो आहे. तिला टाकता येईल का?

उत्तर: त्यावर पैसे घालू नका भाऊ. ती चासीवरची गाडी आहे. पुढचं सस्पेन्शन मुख्यतः खालच्या चासीला धरलेलं असतं, आणि बॉडी रबराच्या ठोकळ्यांवर वर बसवलेली. वरचा पत्रा बांधून खालच्या चाकाला काय मिळणार? तिच्या बुश आणि शॉकअपकडे लक्ष द्या.

प्रश्न: टॉवर खरंच हलतो की नाही, हे घरी बघता येईल का?

उत्तर: येईल, आणि जरूर बघा. एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या घ्या, टोकं दोन्ही टॉवरच्या बोल्टला बांधा, आणि आतल्या नळीवर घट्ट बसणारी रबराची रिंग सरकवून बाहेरच्या नळीला टेकवून ठेवा. नळी दबली की रिंग सरकते आणि तिथेच राहते. इंजिनच्या पंख्याला, बेल्टला किंवा बॉनेटला काही लागत नाही ना ते आधी बघा, आणि मोकळ्या रस्त्यावर फेरी मारा. फक्त एक लक्षात ठेवा: ही नळी दोन टॉवरमधलं अंतर मोजते, दोन्ही मिळून एका बाजूला कलले तर तिला कळणार नाही. पण बारला जे अडवता येतं ते अंतरच आहे, म्हणून बार घेण्याआधी ही परीक्षा रास्त आहे.

प्रश्न: आरटीओची अडचण येईल का?

उत्तर: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असं सांगतं की नोंदणीच्या कागदावरचा तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे ठामपणे सांगितलं आहे. नुसत्या बोल्टवर बसणाऱ्या बारने कागदावरचा तपशील बदलत नाही. पण कोणी टॉवरला भोकं पाडू, वेल्डिंग करू म्हणालं तर तिथून निघा. वॉरंटी चालू असेल तर कंपनीला लेखी विचारा. तोंडी "चालते ना जी" वर विसंबू नका.

प्रश्न: सर, तो फोटोवाला मी. मग आता काढून फेकू का?

(हशा)

उत्तर: बरं झालं आलात. फेकू नका, पैसे गेले ते गेले. आधी गाडी रॅम्पवर चढवून खालचे बुश, लिंक रॉड आणि टायरची तारीख बघा. जे खराब निघेल ते बदला, अलाइनमेंट करा. मग एखाद्या मित्राला सांगा की बार काढ किंवा ठेव, पण मला सांगू नको. टॉवरचे नट परत कसताना टॉर्क रेंच वापरायला लावा, पाना मारून अंदाजाने नको. सहाऐवजी बारा फेऱ्या मारा, म्हणजे आमच्यापेक्षा तुमचा शब्द वजनदार होईल. बारापैकी दहा-अकरा वेळा बरोबर ओळखलंत तर इथे या, हाच माइक तुम्हाला देऊ आणि आम्ही खाली बसून ऐकू.

जाताना सगळ्यांनी एकदा टायरची हवा बघून घ्या.